वांगं सोडून

नागपूरला जायचं ते खरं तर तिच्या डोळ्यांसाठी.
शनिवारी अकराचा नंबर लावलाय,
थेंब टाकतील, दोन-तीन तास धूसर दिसेल,
आणि मग अख्खी संध्याकाळ मोकळी.
तिचं काय करायचं
हे आम्ही सोमवारपासून ठरवतोय.

गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली.
म्हणून रोज दिवेलागणीला आम्ही तिथं,
पंचफुला तांदळाची परात घेऊन,
मी मोबाइल आणि चष्मा.
गुरं परततात, धूळ उठते,
त्या धुळीत मी तिला वाचून दाखवतो
एका मोठ्या हॉटेलचं कार्ड.
मंद आचेवर चोवीस तास शिजवलेली डाळ.
"चोवीस तास? मंग सरपन कोनाचं जयते?"
निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत, आठशे चाळीस.
इथं ती हसली नाही.
तांदळातला खडा काढून लांब फेकला.

आर्वीची शेवटची गाडी पावणेआठला,
आणि यांचं स्वयंपाकघर उघडतं साडेसातला.
पंधरा मिनिटांत तिथं कुणी पाणीसुद्धा पीत नसेल.
मानेवाड्याला तिची मावशी आहे,
पण मावशीकडं उतरलं की मावशीकडंच जेवायचं,
बाहेर जेवून आलो म्हटलं
तर पुढच्या पोळ्यापर्यंत अबोला.
म्हणजे लॉज. लॉजला आधारच्या झेरॉक्स, दोघांच्या.
"नवरा-बायको हाओत याचा बी कागद मांगतीन काय?"
बत्तीस वर्षांनी तिनं हे विचारलं
आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

ठवरे मास्तरांचा पोरगा शिकवून गेला,
काटा डाव्या हातात, सुरी उजव्या.
तीस हंगाम मी जिनिंगवर काटा केला,
गाड्या मोजल्या, गाठी मोजल्या,
कुणाचं मापट्याभर इकडंतिकडं होऊ दिलं नाही.
हा काटा मात्र हातात राहत नाही,
पोळीचा घास घसरतो, मांजर टपून बसते.

बुधवारी फोन लावला, स्पीकरवर.
पलीकडची मुलगी इतकं आदबीनं बोलली
की मी उठून उभा राहिलो.
किती जण? दोन.
काही विशेष प्रसंग?
मी म्हटलं, डोळे.
ती जराशी थांबली, मग म्हणाली, अरे वा.
आणि कुणाला काही चालत नाही का, सर?
एखादा पदार्थ, ज्याचा त्रास होतो?

नाही नाही, आम्ही सगळंच खातो,
हे माझ्या ओठावर आलंच होतं.

"वांगं," पंचफुला म्हणाली.
परातीतून मान वर न करता.
"घसा खाजवते. जीभ फुगल्यावानी होते."
"नोंद केली, मॅडम."

वांगं.
लग्नात वांगं, तेरवीत वांगं,
हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात कढईभर वांगं,
आणि घरी, दर बुधवारी, माझ्या आवडीचं,
तिनंच फोडणी दिलेलं,
माझ्यासमोर बसून तिनं खाल्लेलं.
पाणी जास्त पिते ही, एवढंच मला वाटायचं.

"काहून नाई सांगतलं?"
"इचारलं कोनी?"
रागानं नव्हे. भाव सांगावा तसं.

टाकी भरून वाहायला लागली.
कुणीतरी ओरडलं, मोटर बंद करा रे.
आम्ही घरी आलो.
परसात मीच लावलेली सहा झाडं,
जांभळी, तुकतुकीत, देठाला काटे.
मी बादली उचलली, पाणी घालायला,
आणि हातात बादली घेऊन नुसताच उभा राहिलो.
शेवटी घातलं पाणी. झाडांचा काय दोष.

रात्री, दिवा मालवल्यावर, तिचा आवाज,
"तिथं भाकर भेटन काय हो, जवारीची?"
मला ठाऊक नव्हतं.
म्हटलं, उद्या इचारतो.